काचेवरचं बदक

मागच्या काचेवरचं बदक गेलं होतं. मावशी रोजच्यासारख्या कचऱ्याची बादली घेऊन मागच्या अंगणात उतरल्या, उभ्या गाडीला मागून वळसा घालून फाटकाकडे निघाल्या आणि मध्येच थांबल्या. आधी काय चुकलंय तेच कळेना. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं की खोलीतल्या माणसाला उगाच दचकायला होतं, काय थांबलं ते मागाहून कळतं, तसंच काहीसं झालं. गाडी होती तिथेच होती. रंग विटलेली, दारांच्या खालच्या कडा गंजाने खाल्लेली, मागच्या काचेचं रबर सुकून भेगाळलेलं. मग नजर काचेच्या डाव्या कोपऱ्यात गेली. तिथे तळहाताएवढं पिवळं बदक असायचं. डोक्यावर टोपी, एक डोळा मिटलेला, जसं काही मागून येणाऱ्याला खुणावतंय. आता तिथे पिवळं काही नव्हतं. बदकाला सोलून नेल्यावर जे उरावं ते उरलं होतं. डिंकाचा राखट थर, त्यात अडकलेले कागदाचे पांढरे तंतू, रात्रीत चिकटलेली धूळ. चोच मात्र तशीच, टोपी तशीच, शेपटीचा झुपका तसाच. रंग गेला होता. बदक कुठेही गेलं नव्हतं.

ते बदक चिकटवलं होतं नातीने. सून तिला घेऊन दुसऱ्या शहरात निघून गेली त्याच्या आदल्या दिवशी. बापाच्या कडेवर बसून, जीभ दातांत धरून, एका हाताने चिकटवलेलं, म्हणून जरा तिरकं. तेव्हापासून त्या बापाने, मावशींच्या धाकट्याने, बदकाला कुणाचं बोट लागू दिलं नव्हतं. थोरला जन्मला त्याच दिवशी गेला होता, आणि हा एकुलता एक वाढूनही घरात धाकटाच राहिला. गाडी धुणाऱ्या माणसाने एकदा त्या बदकावर जोरात फडकं मारलं तर धाकटा त्याच्या अंगावर धावून गेला होता, आणि एरवी हा मुलगा असा की हॉटेलात चहा गार आला तरी मुकाट पिणारा. दर रविवारी नातीचा फोन यायचा. आधी बाबा कसा आहे हे नाही, आजी कशी आहे हे नाही, आधी बदक काय करतंय. धाकटा सांगायचा, झोपलंय. सांगायचा, गाडीचा हॉर्न वाजला म्हणून रागावलंय. मावशी स्वयंपाकघरातून ऐकायच्या आणि मनात म्हणायच्या, बायकोशी याच्या निम्म्याने गोड बोलला असतास तर आज बदकाशी संसार करायची वेळ आली नसती. पण तोंडावर बोलल्या नव्हत्या. मावशींनी तोंडावर न बोललेल्या गोष्टी जगात फार थोड्या, त्यातली ही एक.

मुलगा स्वयंपाकघरात चहाचा कप पुढ्यात घेऊन बसला होता. कपातल्या चहावर साय धरली होती.

"बदक काढलंस?"

"हं."

"का रे?"

"गाडी देऊन टाकतोय. दलाल उद्या सकाळी येतोय न्यायला. जुनी झाली."

"जुनी तर मीही झालेय. मला कधी देतोयस?"

एरवी तो हसला असता. निदान नाकातून तरी. आज त्याने कप उचलला, ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. मावशींची नजर त्याच्या बोटांवर गेली. उजव्या हाताची नखं तुटलेली, आणि त्यांच्या खाली काळा चिकट डिंक. बागेत खणून आलेल्या माणसासारखी बोटं.

"अर्धवट सोलून ठेवलंयस सगळं. नखाने निघतो का डिंक? लाँड्रीवालीच्या पोटी जन्माला आलास, शोभत नाही."

"तू काढशील?" त्याने इतक्या चटकन विचारलं की मावशींनी मान वर केली. "म्हणजे नीट निघेल ना? मागे काही दिसायला नको."

"माझ्या हातून गेल्यावर मागे काही दिसलंय का कधी?"

"नाही," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. "म्हणूनच."

तो कामाला निघून गेला, जादा पाळी आहे म्हणाला, आज बसने. गाडी अंगणात असताना बसने कशाला, हा प्रश्न मावशींच्या जिभेवर आला आणि तिथेच बसून राहिला. जन्मभराची सवय. पस्तिशीत नवरा गेला आणि लाँड्री त्यांच्या गळ्यात पडली. शाळा म्हणावी तर अक्षरओळख झाली तेवढीच. पण डाग वाचायला त्या अशा शिकल्या की भल्याभल्यांचे कपडे टेबलावर पसरले की माणूस आतून बाहेरून कळायचा. शाईचा, तेलाचा, गंजाचा, ओठांच्या रंगाचा, घामाचा, रक्ताचा. रक्ताला गरम पाणी कधी लावू नये, शिजतं आणि कायमचं बसतं. तेलाला आधी पावडर, मग साबण. आणि सगळ्याच्या वर मावशींचा स्वतःचा एक नियम होता, कुणी शिकवलेला नाही, त्यांनीच केलेला. डाग कसला आहे ते गिऱ्हाइकाला विचारायचं. कसा पडला ते विचारायचं नाही. या एका नियमावर अर्धं शहर त्यांच्याकडे यायचं. एकदा एक सभ्य गृहस्थ जाड पडदा घेऊन आले होते. पडद्यावर खालच्या बाजूला रुंद तपकिरी डाग, वाळून कडक झालेला. "कसला?" "सॉस सांडला." मावशींनी बोट फिरवलं, वास घेतला, म्हणाल्या, "बरं, सॉस." आणि गार पाण्यात मीठ घालून पडदा भिजत टाकला. तीन धुण्यांत डाग गेला. गृहस्थ फार खूश झाले. पुढे त्यांच्या घरातली बाई दिसेनाशी झाली. माहेरी गेली म्हणे. गेली असेल. माणसं माहेरी जातातच. तो पडदा मात्र असा निघाला होता की आज इतक्या वर्षांनीही त्याची आठवण झाली की मावशींना हातांचा अभिमान वाटायचा. आज आठवण आली आणि अभिमान आलाच नाही. का नाही आला, कुणास ठाऊक.

गरम पाण्याने डिंक हलला नाही. साबणाने नुसता पांढरा पडला. सिरक्याने वास सुटला, डिंक हसत बसला. वाकल्यामुळे कंबर धरली, म्हणून मावशी गाडीला टेकत टेकत पुढच्या बाजूला आल्या आणि तिथे त्यांना दुसरं काहीतरी दिसलं. गाडी पुढून धुतलेली होती. नुसती धुतलेली नाही, घासलेली. पुढचा पत्रा, नंबराची पाटी, चाकांच्या वरच्या कमानी, सगळं लख्ख. आणि मागून हात लागलेला नाही, महिनाभराचा चिखल तसाच. पुढचा एक दिवा जुना होता, पिवळट, मोतीबिंदू झाल्यासारखा. दुसरा कोराकरकरीत, त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर उसन्या डोळ्यासारखा. दिवा फुटल्याचं धाकट्याने सांगितलं होतं, गेल्या आठवड्यात. खडी उडाली म्हणाला होता. मावशी त्या नव्या डोळ्याकडे बघत राहिल्या. तोही त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यांनी मान फिरवली, चप्पल पायात सरकवली आणि स्पिरिट आणायला कोपऱ्यावर निघाल्या. डाग काढायला घेतला की मध्ये सोडायचा नाही, बस. बाकीचं ज्याचं त्याला.

औषधवाला बोलका. औषध कमी आणि बातम्या जास्त विकायचा.

"काय मावशी, स्पिरिट? गुडघे चोळायला?"

"गुडघे चोळून कुणी तरुण झालंय का? काचेवरचा डिंक काढायचाय. गाडीच्या."

"आज घरी बसून काम? बरंय. बाहेर पडण्यासारखे दिवसच राहिले नाहीत. आपली शिवणवाली, कळलं ना?"

कळलं नव्हतं. लाँड्री बंद झाल्यापासून मावशींचं बाहेर जाणं कमी झालं होतं. शिवणवाली वर्षानुवर्षं त्यांच्या लाँड्रीत खिडकीपाशी बसायची. गिऱ्हाइकांच्या कपड्यांची बटणं, उसवलेली अस्तरं, तुटलेल्या चेन. काडीसारखी बाई. तोंडात टाचण्या धरून बोलायची, त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य दातांमधून गाळून यायचं. मावशी मुद्दाम तिचे टाके उजेडात धरून बघायच्या, एखादा तरी वाकडा सापडावा म्हणून. सापडला नाही कधी. याबद्दल त्यांनी तिला मनातून माफ केलं नव्हतं.

"काय झालं तिला?"

"गाडीने उडवलं. गेल्या आठवड्यात, टाकीच्या वळणावर. संध्याकाळचं धुकं, दिवे नाहीत. कमरेचं हाड गेलं, डोक्याला मार. गाडीवाला पळाला. मेलीच धरून चालले होते सगळे. परवा शुद्धीवर आली तर..." औषधवाल्याने कपाळाशी बोट गोल फिरवलं. "डोकं गेलं बिचारीचं. एकच घोकतेय. बदक."

मावशींनी पाकिटातून पैसे काढले होते. हात तसाच राहिला.

"काय?"

"बदक हो, बदक. नवरा सांगत होता, इथेच उभा राहून रडला. म्हणते, बदक थांबलं. बदकाने मला बघितलं. डोळा मारला. मग बदक निघून गेलं." त्याला हसू आवरेना आणि आवरलंही पाहिजे असं वाटत होतं, त्यामुळे चेहरा वेडावाकडा झाला. "आता बोला! पोलिसांनी लिहून घ्यायचं तरी काय? डॉक्टर म्हणाले मेंदूला सूज. झोपेची इंजेक्शनं देतात, उतरली की परत बदक. उद्या तिला वेड्यांच्या वॉर्डात हलवतायत. नवरा म्हणतो, तिथे गेलेलं माणूस परत येत नाही. काल तुमचा धाकटा इथेच होता बघा, डोकेदुखीची गोळी घ्यायला आला होता, तेव्हा हेच चाललं होतं. पांढराफटक पडला. हळवा आहे पोरगा."

"हळवाच आहे," मावशी म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना दुकानाच्या बाहेरून आल्यासारखा वाटला.

औषधवाल्याने बाटली कागदात गुंडाळली. "काचेवर काय होतं म्हणालात?"

बाई, माणसं विचारतात. आपण जन्मभर विचारलं नाही, पण माणसं विचारतात. मावशींनी बाटली घेतली. "गॅरेजवाल्याने कसला तरी कागद चिकटवला होता. पावती का काय. मला कुठे वाचता येतं?"

परत येताना रस्ता तोच होता, पण पायाखाली लांबत गेला. वाण्याच्या दुकानापुढे उतरवलेली पोती, बसथांब्यावरच्या बाया, कुणीतरी धुवून वाळत घातलेला, एका बाहीने लोंबणारा स्वेटर. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीची मागची काच मावशी बघत होत्या. एकीवर शाळेचं चिन्ह, एकीवर फूल, एकीवर नुसती धूळ आणि धुळीत बोटाने ओढलेल्या रेघा. बदकं शहरात शंभर असतील. दुकानात ती पट्टीवर विकायला असतात, एका पट्टीवर सहा. टोपीवाली, डोळा मिटलेली. कुणाच्याही नातीने कुठेही चिकटवलेली असतील. असं म्हणत म्हणत मावशी फाटकापर्यंत आल्या, आणि कडीला हात घालताना त्यांच्या लक्षात आलं की आपण हे मोठ्याने म्हणतोय.

अंगणात गाडी उभी होती, पाठ करून. मावशींनी बाटलीचं झाकण काढलं. इथे खरं तर थांबायला हवं होतं. बाटली पायरीवर ठेवून घरात जाऊन बसायला हवं होतं, थोडा चहा करून, भिंतीकडे बघत. पण हात थांबले नाहीत. हातांना डाग दिसला होता, आणि मावशींचे हात मावशींचं ऐकायचे नाहीत, डागाचं ऐकायचे. स्पिरिट लागल्यावर डिंक आधी फुगला, मग दुधाळ झाला, मग बोटाखाली त्याच्या वळकट्या व्हायला लागल्या, बारीक राखट अळ्यांसारख्या. मावशींनी कापडावर चालवायची तीच रीत इथेही धरली. डागाच्या मध्यावर हल्ला करायचा नाही, तो पसरतो. कडेवरून सुरुवात करायची आणि आत आत जायचं. कडेच्या बाहेर थेंब जाऊ द्यायचा नाही. त्यांनी आगकाडीला कापूस गुंडाळला आणि आधी चोचीची कड धरली, मग टोपीची, मग पाठीचा बाक, मग शेपटी. लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. इतक्या जवळून, इतक्या मन लावून त्यांनी ते बदक चिकटलेलं होतं तेव्हाही कधी बघितलं नव्हतं.

थांबलं म्हणते. थांबलं, बघितलं, मग गेलं. नुसता धडकून पळाला असता तर समजण्यासारखं होतं. घाबरतो माणूस, पाय सुटतो, रस्ता संपेपर्यंत गाडी धावत राहते. पण थांबला. म्हणजे ब्रेक लावला. म्हणजे आरशात बघितलं असणार, मागच्या काचेतून, याच काचेतून, या डिंकाच्या शेजारून. रस्त्यावर काय दिसलं असेल? गाठोडं? शिवणवालीचं गाठोडं सुटून कुणाकुणाचे कपडे रस्त्यावर पसरले असतील. ती हलली असेल का? धाकट्याने गाडीचं दार उघडलं असेल का, एक पाय खाली टाकला असेल का? मावशींना तो पाय दिसायला लागला. लहानपणीचा, उघडा, गुडघ्यावर खपली धरलेला. आठवीत असताना त्याने एका गिऱ्हाइकाच्या कोटावर इस्त्री तशीच ठेवून दिली होती, पाठीवर तांबूस त्रिकोण उठला. रडला नाही, ओरडला नाही. कोटाची घडी घातली, जळकी बाजू आत, आणि ढिगाच्या तळाशी ठेवून दिला. वरून इतकी सुबक घडी की कुणी वाहवा करावी. मावशींना तो सापडला तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकाला सांगितलं, माझ्या हातून झालं. पोराला एवढंच म्हणाल्या, घडी मात्र झकास घातलीस. हसले होते दोघं. त्या हसण्याचा आवाज आता अंगणात कुठूनतरी येतोय असं वाटून त्यांनी मागे वळून बघितलं. फाटकावर चिमणी बसली होती, ती उडाली.

डिंक निघाला. शेवटचा ठिपका डोळ्याचा होता, मिटलेल्या डोळ्याचा, तो फार चिवट निघाला. काचेवर बादलीभर पाणी ओतता आलं असतं, पण रबर भेगाळलेलं, पाणी आत झिरपून मागची सीट भिजली असती. म्हणून मावशींनी वडीच्या साबणावर ओलं बोट घासलं, जिथे बदक होतं तेवढ्याच जागेवर ते फिरवलं आणि कोरड्या मऊ फडक्याने चकचकीत होईपर्यंत पुसून काढलं. मागे सरून, तिरकं होऊन, उजेडात बघितलं. काही नाही. अगदी काही नाही. तिथे कधी काही होतं असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी खोटं ठरलं असतं. आपल्या कामाकडे बघून जे समाधान वाटायचं ते यायला निघालं तोच मावशींनी फडक्याची घडी घातली, डिंकाची बाजू आत. उद्या शिवणवालीला वेड्यांच्या वॉर्डात नेणार. ती तिथल्या बायांना सांगत बसणार, दातांमधून, आता टाचण्या नसताना, बदक थांबलं, बदकाने बघितलं. आणि जगात एकच काच होती जी म्हणाली असती, बाई शहाणी आहे. ती काच मावशींनी पुसली होती.

संध्याकाळी फोन वाजला. रविवार होता हे मावशी विसरल्या होत्या. धाकटा घरात होता, पण त्याने दार लावून घेतलं होतं.

"आजी, बाबा कुठेय? बरं असू दे. बदक काय करतंय?"

"आंघोळ," मावशी म्हणाल्या.

"साबण लावून?"

"साबण लावून."

"डोळ्यात जाऊ देऊ नकोस हं, त्याचा एकच डोळा उघडा आहे." मग जरा विचार करून, आईसारख्या आवाजात, "आणि नीट कोरडं करून परत जागेवर बसव. तिरकंच बसव."

"बसवते हो, माझी राणी." मावशींनी फोन ठेवला. बंद दारापलीकडे पलंग करकरला. तो ऐकत होता. मावशी दारापाशी गेल्या, हात वर केला, आणि हात दारावर न पडता परत खाली आला. आतून आवाज आला, "निघालं का गं सगळं?" त्या म्हणाल्या, "निघालं." आत पलंग पुन्हा करकरला. मग तो म्हणाला, "तुझ्या हाताला तोड नाही आई." आईला खूश करायचं म्हणून लहानपणापासून म्हणत आलेलं वाक्य. मावशींनी स्वतःचे हात मागे लपवले. कुणी बघत नव्हतं तरी.

सकाळी दव इतकं पडलं होतं की अंगण कुणी चुन्याने सारवल्यासारखं दिसत होतं. मावशी शाल लपेटून, बादली घेऊन उतरल्या. आज बादलीत पाणी होतं, वर साबण आणि फडकं. जाण्याआधी गाडीवरून एक हात मारावा असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. गाडी नखशिखांत पांढरी झाली होती. टप, दारं, आरसे, सगळं त्या दुधाळ ओलीखाली बुजलेलं. मावशी वळसा घालून मागे आल्या.

डाव्या कोपऱ्यात बदक बसलं होतं.

पिवळं नव्हतं, राखटही नव्हतं. नितळ होतं. सगळी काच दवाने पांढरी, आणि त्या पांढऱ्यात तळहाताएवढी जागा कोरून काढल्यासारखी स्वच्छ. चोच, टोपी, पाठीचा बाक, शेपटीचा झुपका. कड अशी नेमकी की कातरीनेही साधली नसती. आरपार दिसत होतं त्यातून, मागची सीट, तिच्यावर सुरकुतलेलं आवरण. मावशींनी तळवा काचेवर फिरवला. दव पुसलं, बदक गेलं. त्यांनी काचेजवळ तोंड नेऊन हळूच श्वास सोडला. वाफ पुसल्या जागेवर सगळीकडे बसली, गारठ्यात तशीच धरून राहिली, बदकावर मात्र बसली नाही. त्यांनी डागाच्या कडेबाहेर थेंब जाऊ दिला नव्हता. बाकीच्या काचेवर वर्षांचा धूर, धूळ, हातांचं तेल होतं, दव त्याला धरून राहत होतं. साबणाने जिथे हात फिरवला होता तिथे ते ठरत नव्हतं. इतक्या मन लावून त्यांनी डाग काढला होता की डागाचं चित्र काढून ठेवलं होतं. गाडी आज दुसऱ्याकडे जाईल, दुसऱ्या अंगणात उभी राहील, दव पडेल, आणि हे येऊन बसेल.

उपाय सोपा होता. बादली पायाशी होती. सगळी काच एकसारखी साबणाने घासून टाकली की झालं, चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ नाही. मावशींनी फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं. गार पाण्याने बोटं बधिर झाली. फडकं हातात घेऊन त्या उभ्या राहिल्या. आणि जन्मात पहिल्यांदा हात हलले नाहीत.

पायऱ्यांवर पावलं वाजली. धाकटा किल्ली घेऊन आला होता, दाढी केलेली, केस ओले, चेहरा रात्रभर उकळून काढल्यासारखा. फाटकापाशी दलाल उभा होता, हात चोळत. "थंडी काय म्हणतेय!" मुलाने काचेकडे बघितलंच नाही. पुढच्या काचेवरून बाही फिरवली, आत बसला, गाडी चालू केली. गाडी खोकली, धरली. अंगणात वळायला जागा नव्हती, मागे घेतच बाहेर काढायची. मावशी मागेच उभ्या होत्या.

"आई, सरक ना."

मावशी सरकल्या नाहीत. त्या वाकल्या आणि बदकातून आत बघितलं. सीटच्या वर मधला आरसा, आरशात धाकट्याचे डोळे, मागे बघणारे. सगळी काच आंधळी, तेवढ्या एका जागेतून आई आणि मुलगा एकमेकांना दिसले. त्याला आधी आईचाच चेहरा दिसला असेल. मग त्या चेहऱ्याभोवतीची कड दिसली. चोच, टोपी. मावशींनी ते त्याच्या डोळ्यांत येताना बघितलं. डागाला पाणी लागल्यावर तो गडद होतो, तसे ते डोळे झाले.

मागचा पांढरा दिवा पेटला. गाडी मागच्या गिअरमध्ये पडली होती. उजेड मावशींच्या शालीवर, बादलीवर, बादलीतल्या फेसावर पडला.

"अहो मावशी, बाजूला व्हा," दलाल फाटकातून ओरडला. "त्याला मागचं काही दिसत नाहीये!"

"दिसतंय," मावशी म्हणाल्या. "त्याला पाहिजे तेवढं दिसतंय. तुम्ही जा. आज गाडी मिळायची नाही."

त्यांनी ओलं फडकं बादलीत टाकलं. बादली पायाने कडेला सरकवली. पाणी हिंदकळून चपलेवर सांडलं. मग दोन्ही तळवे काचेवर ठेवले, बदकाच्या एकेका बाजूला, आणि इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला न विचारलेलं पोटच्या पोराला विचारलं.

"हा कसा पडला रे?"

गाडी थरथरत होती, काच थरथरत होती, तळव्यांतून खांद्यापर्यंत ती थरथर चढत होती. पायांना धुराची ऊब लागत होती. आरशातले डोळे हलले नव्हते. मावशी वाट बघत उभ्या राहिल्या. पांढरा दिवा अजून पेटलेलाच होता.